प्रँकच्या नावाखाली

मी प्रँक बोलतोय. हो, तोच मोबाईलवाला. शब्द आहे मी, इंग्रजीतला. अर्थ साधा, खोडी. मात्र ज्याची काढली त्यालाही शेवटी हसू यावं, अशी. चपला लपवा, मिठाचा चहा पाजा, मी खुशीने कामाला येतो.

पण सानगडी गावात शेतमालक घनश्यामभाऊंच्या पोराने, विक्कीने, माझी पार इज्जत घालवली. कुणाला तरी रडवायचं, व्हिडिओ टाकायचा आणि माझं नाव सांगून हात झटकायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

उन्हाळ्यात त्याने आवाज बदलून रंभाबाईला फोन केला. "तुमच्या रिताले ट्रकनं उडवलं." रंभाबाई त्यांच्याच शेतात मजुरीला येणारी. भंडाऱ्याला शिकणारी रिता हे तिचं एकुलतं लेकरू. बाई अनवाणी, ऊर बडवत बसस्टँडकडे धावली आणि रस्त्यात पडली. समोर विक्की मोबाईल धरून उभा. "प्रँक होता, काकू."

अख्ख्या गावाने तो व्हिडिओ पाहिला. ती दुकानात गेली की पोरं ऊर बडवून दाखवत. "काढून टाक ना रे बाबू," तिने हात जोडले.

"काहून? एवढे लाईक येऊन राहिले."

त्या दिवसापासून मी दात खाऊन वाट बघत होतो.

इकडे भाताची रोवणी, म्हणजे लावणी, संपते त्या दिवशी बाया मालकाला चिखल फासतात. कुणी रागवायचं नाही, अशी रीत आहे. विक्की तेही शूट करायला आला. बायांनी घनश्यामभाऊंना फासलं, मग विक्कीला घेरून चिखलात बसवलं. रंभाबाईने त्याचा मोबाईल हिसकावला, त्याचं बोट स्वतःच्या पदराला पुसलं आणि मोबाईल पुढे धरला. "काढ तो व्हिडिओ."

सगळ्यांसमोर त्याने तो काढला.

मग तिने कोपरापर्यंत हात घालून मोबाईल चिखलात खुपसला आणि वर धानाची रोपं लावली.

"काकू, मोबाईल द्या ना," विक्की रडकुंडीला आला.

"प्रँक हाये, बाबू. हास."

घनश्यामभाऊ बांधावर चिखलाच्या तोंडाने उभे होते. रीत त्यांनाही मोडता येईना.

विक्की काही हसला नाही. म्हणजे माझ्या अर्थाप्रमाणे तोही प्रँक नव्हता, सूड होता, माझं नाव पांघरून आलेला. मी आनंदाने पांघरू दिलं. कुणाला रडवून तुम्ही माझं नाव घ्याल, तर उद्या तुम्हाला रडवणाऱ्यालाही मी ते पांघरू देईन.