दहा काड्यांचा गठ्ठा

गठ्ठा सुटेना. रबर सरकवून झालं, फटीत नख घालून झालं... खराट्याच्या दहा काड्या, बोटभर लांबीच्या, आणि वरचं रबर नुसतं शोभेला. आत डिंक होता, वाळून पिवळा पडलेला. अंजलीने गठ्ठा उलटा करून पाहिला. खालच्या बाजूनेही तो नीट, निगुतीने चिकटवलेला होता.

"तो सोडायचा नाय," शेजारी बसलेली मैना हळूच म्हणाली. दुसरीतली पोर. "तपासायला येत्यात ना."

फळ्यावर बेचाळीस वजा सतरा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून दहाचा एक गठ्ठा सोडायचा, काड्या सुट्या करायच्या. मूल तो आपल्या हातांनी सोडतं तेव्हाच त्याला उसना घेणं म्हणजे काय ते कळतं... डॉ. अंजली गांगुर्डे यांची सगळी पीएच.डी. या एका वाक्याची, बाकीची तीनशे पानं पुराव्यांची. आणि समोर सगळा वर्ग एका सुरात म्हणत होता, "एक गठ्ठा सोडला, दहा सुट्या झाल्या," आणि तो न सुटलेला गठ्ठा अख्खाच्या अख्खा डावीकडून उजवीकडे ठेवत होता. मग मुलं पाटीवर पंचवीस लिहीत होती. उत्तर बरोबर होतं, हेच तर वाईट होतं.

सकाळी नाशिक रोडहून दोन बस बदलून ती हरसूलच्या पुढच्या या वाडीवर आली होती, ती एका अर्जासाठी. विद्यापीठाला तिच्या संशोधनाचा 'प्रत्यक्ष परिणाम' हवा होता, पाचशे शब्दांत, दोन छायाचित्रांसह, उद्यापर्यंत. परिणाम म्हणे! एक हजार एकशे चाळीस शाळा, नऊ हजार प्रशिक्षित शिक्षक, हे आकडे तर पाठ होते. पण निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत त्या आकड्यांनी तिला सोबतही केली होती, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत कुणी येत नाही, फोन वाजला तर तो बँकेचा. तरी रोज सकाळी अकराच्या सुमाराला, चहाची भांडी विसळताना, तिला वाटायचं... आत्ता कुठेतरी एक मूल गठ्ठा सोडतंय. एवढं वाटलं की दुपारपर्यंतचं निभून जायचं.

"तृप्ती, हे चिकटवलेत का गं?" तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

या वर्गाची शिक्षिका तृप्ती तिच्याच हाताखाली शिकलेली. आज मॅडम येणार म्हणून इस्त्रीची साडी नेसून आलेली. तिचा चेहरा उजळला. "मॅडम, काड्या लय हरवायच्या. आणि तपासणीच्या तक्त्यात तुम्हीच घातलंय ना, चौथा प्रश्न... गठ्ठे पूर्ण आहेत का, होय की नाही. केंद्रप्रमुख तेच बघतात. मी युक्ती काढली, तर आता आजूबाजूच्या सगळ्या शाळा असंच करतात."

चौथा प्रश्न. तो तक्ता करताना ती केवढी भांडली होती! साहित्य कपाटात कुजतं, हरवतं, त्यावर कुणाची तरी नजर हवी म्हणून... मुलाने गठ्ठा सोडला का, हे विचारायचं मात्र राहून गेलं. सुचलंच नाही. सगळ्या शाळांत तिचं संशोधन कुणी वाचलं नव्हतं, तिचा तक्ता तेवढा वाचला होता. तृप्तीवर रागावण्यात काय अर्थ होता? तरी क्षणभर तिला राग आला, खूप आला. मग तृप्तीचे वाट पाहणारे डोळे दिसले.

"छान," ती म्हणाली. "छान चाललंय तुमचं."

छायाचित्रंही काढून झाली. मुलांनी गठ्ठे उंच धरले.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. वाघेऱ्याच्या घाटात बस वळत होती आणि ती पाचशे शब्द जुळवत होती. खरं लिहावं तर कुणाला लिहावं? अर्ज वाचणाऱ्याला डिंकाशी काय देणंघेणं... आणि तृप्तीचं नाव निघालं तर त्या पोरीची चौकशी लागायची. न लिहावं तर... उद्या अकरा वाजता भांडी विसळताना काय वाटून घ्यायचं? आणि वर्गातला तो 'छान'... किती सहज निघाला तोंडातून. खोटं बोलल्यासारखं वाटलंसुद्धा नाही, उलट माया केल्यासारखं वाटलं.

आणि मग, घाट उतरताना, तिला आपल्याच वाट्याला आलेले 'छान' आठवू लागले. मार्गदर्शक सरांनी प्रबंध चाळून म्हटलेला. पुण्याच्या परिषदेत पहिल्या रांगेतून आलेला. तक्ता मंजूर करताना साहेबांनी मान डोलावत म्हटलेला. तेव्हा तीही इस्त्रीची साडी नेसून उभी असायची, अशीच डोळ्यांत जीव आणून. त्यांच्यातल्या कुणाला हा चौथा प्रश्न खटकला असेल का? दिसला असेल, आणि जाऊ दे, एकटी बाई आहे, मनापासून करते, असं म्हणून... तिने एकेक चेहरा आठवून पाहिला. सगळे हसरे होते. आपल्यावर शेवटचं कोण रागावलं होतं, ते मात्र तिला काही केल्या आठवेना.