कपाळावरचा डाग

थायरा एस्बियर्ग शहरातल्या एका स्टुडिओत फोटोग्राफी शिकत होती. मालक प्रीबन साठीचा, तोंडाने फटकळ. कॅमेऱ्यात थायरा अजून कच्चीच होती, पण कॉम्प्युटरवर बसली की माउसला हातही लावायची नाही, नुसती बोटं पळायची. डाग पुसणं, कातडी नितळ करणं, रंग उजळणं आणि मूळ फोटो पुसून त्याच्याच जागी नवा सेव्ह करणं, एवढं सगळं तिनं एकाच बटणावर बसवलं होतं.

"मूळ फोटो वेगळा ठेवत जा," प्रीबन म्हणायचा. "तुझी बोटं डोक्याच्या पुढे धावतात."

"उगाच जागा अडते हो," ती म्हणायची.

मार्चमध्ये हॉस्पिटलमधून फोन आला. पोटातच दगावलेल्या बाळांचे फोटो प्रीबन आईबापांना काढून देई. त्या दिवशी त्याची कंबर धरली होती, म्हणून थायरा पहिल्यांदाच एकटी गेली. मायब्रिट लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. नवरा, येप्पे, भिंतीकडे तोंड करून उभा होता. खिडकीतल्या करड्या उजेडात थायरानं त्या मुलीचा असा फोटो काढला, की तसा तिला पुन्हा कधी साधला नाही.

स्टुडिओत येऊन तिनं सवयीनं बटण दाबलं. निळसर गाल गुलाबी झाले. कपाळावरचा तांबडा डाग गेला. तो जन्मताना लागलेला मार असावा, असं थायराला वाटलं होतं. मग कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड पुसून तिनं एका लग्नासाठी कॅमेऱ्यात घातलं.

मुलीला पुरून झाल्यावर नवराबायको फोटो न्यायला आले. मायब्रिट बराच वेळ बघत राहिली.

"हिचा डाग कुठंय?"

"मी काढला," थायरा म्हणाली. "मला वाटलं, बरं दिसेल."

"माझ्या आईला होता तसा. आम्ही त्यावरच ओठ टेकवले होते. मूळ फोटो दे."

मूळ फोटो नव्हता. फोनवर काढायचा त्या दोघांना धीर झाला नव्हता. प्रीबननं थायराला खुर्चीत बसवलं. "घाल परत. त्या सांगतील तसा."

थायरानं तांबडा रंग घेतला.

"डाव्या भुवईच्या वर," मायब्रिट म्हणाली.

"उजव्या," येप्पे म्हणाला.

"मी तिला मांडीवर घेतलं होतं. तू भिंतीकडे बघत होतास."

"पेटीत मी ठेवलं तिला. तू बाहेर होतीस."

थायरा डाग इकडे सरकवी, तिकडे सरकवी. आकारावरूनही वाद झाला. मग मायब्रिटचीच खात्री डळमळली. तिनं डोळे मिटून बोटानं स्वतःचं कपाळ चाचपलं आणि म्हणाली, "मला आता हिचाच चेहरा दिसतोय. या पडद्यावरचा."

"दोन छाप," प्रीबन थायराला म्हणाला. "एक डावीकडे, एक उजवीकडे."

"पण त्यातला एक खोटा असेल."

"दोन्ही खोटेच आहेत. छाप."

येप्पेनं आपला फोटो कोटाच्या आत घातला. मायब्रिटनं आपला पालथा धरला. दार उघडून धरायला प्रीबन उठला, तोवर येप्पे एकटाच पार्किंगपर्यंत पोचला होता. मायब्रिट बसथांब्याकडे वळली.

"चल," प्रीबन आत येत म्हणाला. "लग्नाचे फोटो राहिलेत. तुझं ते बटण दाब."