ऊनाचं नाव झाकलेलं पुस्तक

मी एक जुनं पुस्तक आहे. मर्टलच्या थोरल्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी, म्हणजे १९९१ साली, मी छापून झालो. माझा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे, पण अक्षरं शाबूत आहेत.

मित्रांनो, माझ्यात मर्टलची आणि तिच्या धाकट्या बहिणीची, ऊनाची, हकिगत आहे. दोघी आदिवासी घरातल्या, गोऱ्या मालकाच्या स्वयंपाकघरात भांडी घासताना गाणं शिकल्या. मग तंबूच्या जलशाबरोबर ट्रकमधून वाळवंटभर गात फिरल्या. हॉटेलांत लोकांना त्यांचं गाणं हवं असे, पण दोघींनी आत यायचं ते मागच्या दाराने. एकदा ट्रक जळाला, त्यात गिटारही गेली. दोघींनी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरून त्या संध्याकाळचा जलसा पुरा केला.

हे सगळं मर्टलने टेपवर सांगितलं आणि शाळेतल्या ब्रॉनवेनबाईंनी लिहून काढलं. मर्टलला अक्षर येत नव्हतं. बासष्टाव्या वर्षी ती मुळाक्षरं गिरवू लागली. साखरेच्या दुखण्याने तिची नजर उतरत चालली होती, आणि नजर जायच्या आत तिला आपली गोष्ट स्वतः वाचायची होती.

मी छापखान्यात असतानाच ऊना वारली. ब्रॉनवेनबाई सुट्टीवर होत्या, त्यांना कळलंच नाही. पुस्तकांचं खोकं उघडलं, तर माझ्या पहिल्याच पानावर गाणाऱ्या दोघींचं चित्र, मधोमध ऊना, आणि खाली तिचं नाव! घरचे मोकळीक देईपर्यंत आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, चित्र पाहत नाहीत. मर्टलने मला फटकन मिटलं.

"चुकलं माझं, मर्टलमावशी," बाई रडवेल्या झाल्या. "चित्रावर कागद चिकटवते. नावावरही, पानोपानी. मग बाकीचं वाचू या."

"बाकीचं कुठलं? पानोपानी तीच आहे. चाळणी वाचू का मी?" मर्टल म्हणाली. "क्लिफ्टन सांगेल तेव्हाच."

क्लिफ्टन ऊनाचा मुलगा. आमच्याकडे आईची बहीणही आईच, पण मोकळीक द्यायची ती त्याने. बाईंनी कागद चिकटवले आणि मी उशीच्या अभ्र्यात, कपाटावर गेलो. चार वर्षं तिथेच होतो. मर्टल पिठाच्या पिशव्यांवरची अक्षरं लावत राहिली. तिचा एक डोळा गेला.

"अगं आई, गुपचूप वाच की. कोण बघतंय?" लेक म्हणायची.

"मी बघतेय ना!"

मग थंडीतल्या एका सकाळी क्लिफ्टन आला. गेलेल्याला निरोप द्यायच्या रीतीप्रमाणे त्याने ओला पाला पेटवून घरभर धूर फिरवला. कोमट पाण्याने एकेक कागद स्वतः सोडवला.

"घे, आई. आता नाव घे खुशाल."

मर्टलने भिंग धरलं, माझ्यावर बोट टेकवलं. "ऊ... ना." मग तिला हसू फुटलं. "बघ, इथेही माइकसमोर हीच! मला ढकललंय कडेला. सरक गं जरा!"

"जिवंत असती तरी सरकली नसती," क्लिफ्टन म्हणाला. दोघंही डोळे पुसत हसत होते.

पुढे रोज एक पान. एका डोळ्याने, ओळीखाली बोट सरकवत तिने मला संपूर्ण वाचलं. छापील कौतुक माझ्या वाट्याला फारसं आलं नाही, पण ते बोट आलं. त्या बोटाचे, आणि घाई न करणाऱ्या त्या घराचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. मित्रांनो, एखाद्या पुस्तकात चिकटवलेला कागद दिसला, तर तो नखाने खरवडू नका. कुणीतरी वाट पाहत असेल.

तिच्या लेकींनी मोकळीक दिली आहे, म्हणून मी तिचं नाव घेतो. मर्टल १९९८ सालच्या जून महिन्यात वारली.