तीन बोटांवरचा डाग

स्वतःच्या सुनेकडून धडे घ्यायची वेळ माझ्या वैरिणीवरही येऊ नये. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात, पण माझे चार दिवस कधी आले आणि कधी गेले, मला पत्ताच लागला नाही.

मी चौदा वर्षं भाजलेल्यांच्या वॉर्डात आया आहे, कंत्राटावर. आवाज मोठा म्हणून सगळे मला तोफ म्हणतात. सून त्याच हॉस्पिटलात नर्स आहे आणि एकाचे जंतू दुसऱ्याला लागू नयेत हे बघणं तिचं काम. गेल्या महिन्यात तिच्याच खात्याची नोटीस लागली. वॉर्डातल्या सगळ्या मदतनिसांची हातमोज्यांची परीक्षा होणार, नापास होईल त्याला वॉर्ड बंद. कंत्राटावरच्या बाईला वॉर्ड बंद म्हणजे काम बंद, हे काही नोटिशीत लिहावं लागत नाही.

"हातमोजे घालायची परीक्षा?" मी घरी म्हणाले. "उद्या जेवायची पण घ्या."

जेवणं झाल्यावर सुनेने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, हातमोज्यांचं खोकं ठेवलं आणि निळ्या रंगाने भरलेली बाटली. म्हणाली, "घाला, आई."

मी खोक्यातून एक मोजा ओढला, तोंडाशी धरला आणि फूं करून फुगवला. बोटं मोकळी होतात, हात सर्रकन आत जातो. आमच्या वॉर्डात सगळे असंच करतात.

"फुंकलंत," सून म्हणाली.

"मग?"

"तोंडातलं सगळं आत गेलं. मोजा फाटला की ते थेट जखमेवर."

"चौदा वर्षं फुंकतेय. कोण मेलं?"

ती रंगाच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "मेलं असतं तरी ते आपल्याला कळलं नसतं ना, आई."

मला राग आला. मग त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर वॉर्डातले एकेक चेहरे डोळ्यांसमोर यायला लागले, आणि राग कुठल्या कुठे गेला. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच वर्तमानपत्र पसरलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी खोड जायला अकरा दिवस लागले. आधी अंगठी काढायची, हात धुऊन कोरडे करायचे. आपल्या मापाचा मोजा घ्यायचा. माझे पंजे मोठे, आणि इतकी वर्षं मी हाताला येईल तो मोजा ताणून घालत होते, म्हणून तर ते फाटायचे. मग मोज्यांना बाहेरून निळा रंग फासून ते काढणं, म्हणजे चुकलं कुठे ते हातावरच्या डागावरून कळतं. एका मोज्याला मनगटापाशी बाहेरून चिमटीत धरायचं, कातडीला न लागता, आणि उलटा सोलत काढायचा. तो दुसऱ्या मुठीत धरायचा. मग उघडं बोट दुसऱ्या मोज्याच्या आत, कातडीच्या बाजूने सरकवायचं आणि तोही उलटा करत पहिल्यावर ओढायचा. दोन्हींची एक पुरचुंडी होते, घाण सगळी आत. ती डब्यात टाकायची आणि पुन्हा हात धुवायचे. पहिल्या दिवशी माझे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. मुलगा हसला, त्याला मी स्वयंपाकघरातून हाकललं. अकराव्या दिवशी एक ठिपका नव्हता. सून म्हणाली, "छान." एवढंच, पण ती उगाच छान म्हणणारी नाही.

परीक्षा सकाळी नऊला, ड्रेसिंगच्या खोलीत. सून माझी सून म्हणून तिला आत मज्जाव. परीक्षा घ्यायला बाहेरच्या डॉक्टरबाई आल्या होत्या, आणि वेळ लिहायला ऑफिसातला कारकून. रीत अशी, की मोजे घालायचे, त्यांना एक मलम फासायचं, टेबल पुसायचं, मोजे काढायचे, हात धुवायचे, कारकुनाच्या वहीत सही करायची. मग हात जांभळ्या दिव्याखाली. मलम एरवी दिसत नाही, त्या दिव्याखाली मात्र हिरवं चमकतं. हातावर चमकलं की नापास.

आम्ही आठजण होतो आणि माझा नंबर शेवटचा. पहिला पैलवान गेला, आमचा स्ट्रेचर ढकलणारा. नापास. दुसरी, तिसरी, दोघी नापास. चौथी लवंगी. एवढीशी बाई, पण कामाला तिखट. ती बाहेर आली आणि उजवा हात पुढे करून भिंतीला टेकली.

"अंगठा आणि ही दोन बोटं," ती म्हणाली. "मी इतकं जपून केलं गं. कुठून लागलं काही कळत नाही."

आधीच्या तिघांनीही तीच तीन बोटं दाखवली. पाचवा आणि सहावी, त्यांचंही तेच. डावरी सातवी. तिलाही तीन बोटं, फक्त डाव्या हाताची. आम्ही बाकावर रांगेने बसलो होतो. डॉक्टरबाई आतून म्हणाल्या, "एकालाही जमू नये?" ते मला लागलं.

मी आत गेले. फुंकलं नाही. मोठ्या मापाचं खोकं मागून घेतलं. पहिल्या मोज्याला मनगटापाशी बारीक छिद्र होतं, तो टाकला, दुसरा घेतला. कारकुनाने घड्याळाकडे बघितलं. त्याला म्हटलं, बघत बसा. मलम फासलं, टेबल पुसलं, एक मोजा सोलला, दुसरा त्याच्यावर ओढला, पुरचुंडी डब्यात. हात धुतले, सही केली आणि दिव्याखाली धरले.

उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं हिरवीगार.

"तुम्हीपण, मावशी," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि कागदावर फुली मारायला वाकल्या.

मी हात मागे घेतले नाहीत. अकरा दिवस मी माझे डाग मोजले होते. कुठला डाग कुठल्या चुकीने लागतो ते मला पाठ होतं.

"थांबा, बाई," मी म्हणाले. "मोजा काढताना चुकलं तर डाग मनगटावर येतो. नाहीतर तळव्यावर. बोटांच्या टोकांवर नुसता तीन ठिकाणी कसा येईल?"

"लागला असेल कसातरी."

"सातही जणांना तिथेच? आणि डावरीला तेवढा डाव्या हाताला?" माझा आवाज चढला होता, बाहेरची सगळी दारात जमली. "डावरी डाव्या हाताने काय करते? लिहिते. ते पेन ठेवा दिव्याखाली."

कारकून म्हणाला, "पेनचा काय संबंध?"

"ठेवा म्हटलं ना."

डॉक्टरबाईंनी स्वतः पेन उचललं आणि दिव्याखाली धरलं. ते टोपणापासून टोकापर्यंत हिरवं पेटलं. मग त्यांनी वही धरली, तिच्या कडेला अंगठ्यांचे ठसे. मग त्यांनी कारकुनाचा हात धरला, आणि त्याची तर पाचही बोटं चमकत होती.

कारकून खाली बघत म्हणाला, "पैलवानाची सही मीच आधी घेतली. मलमाचे मोजे घातलेले असताना. म्हटलं, नंतर गडबड होते. ती फिसकटली म्हणून हात धुतल्यावर पुन्हा घेतली."

चोर सोडून संन्याशाला फाशी. आठजणांचं पोट त्या पेनाच्या टोकावर लटकलं होतं. मला इतका राग आला होता की हसूच आलं.

डॉक्टरबाईंनी फुल्या मारलेला कागद फाडला. "चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "वॉर्डात रोज हेच होतं, एका वस्तूवरून सगळ्यांच्या हातांना लागतं, आणि आज ते माझ्या टेबलावर झालं. सगळ्यांची परीक्षा पुन्हा. पैलवानाचीसुद्धा. सही घरी जाताना करा." कारकुनाला त्यांनी साबणाकडे पाठवलं, टेबल-वही सगळं पुसून घेतलं आणि पेन पिशवीत बांधून टाकलं.

मग एकेकजण आत गेला. पैलवान अंगठा नाचवत बाहेर आला, लवंगी तर धावतच. सातही पास. शेवटी मी. मोजे सोलून, हात धुऊन दिव्याखाली धरले. पालथे केले, उताणे केले, बोटं फाकवली. काळे हात, नुसते काळे. माझे हात मला इतके देखणे कधी वाटले नव्हते.

"पास," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि मावशी, पुढच्या महिन्यात नवीन माणसं येताहेत. त्यांना तुम्ही शिकवाल का? तसं कंत्राटात लिहून घेते."

"शिकवीन," मी म्हणाले. "पण मी ओरडते."

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या.

सून जिन्यापाशी उभी होती. सकाळपासून तिथेच होती म्हणे, चहासुद्धा घेतला नव्हता. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले आणि रडायला लागली. ती रडेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मी रडेन असं तर मुळीच नव्हतं.

दोनला माझी पाळी सुरू होत होती. एक पन्नासला मी वॉर्डात होते.