डुलकी

शिंप्यानं यंत्राचं खोकं काउंटरवर उलटं ठेवलं, वरची मोठी अक्षरं खाली जावीत म्हणून. बायकोला दिसत नव्हतं, तरी ठेवलं.

"हे नको," तो म्हणाला. आवाज घोगरा, अर्ध्या वाटेत अडकणारा. "आपल्या टीव्हीला बसणार नाही."

"मागे एचडीएमआयचं भोक असलं की कुठल्याही टीव्हीला बसतं, काका," दुकानातली बाई म्हणाली.

"मग रिमोट फार बारीक आहे."

"रिमोट मी कुठं बघणार आहे? हाताला लागला म्हणजे झालं," बायको म्हणाली. "बाई, पडद्यावर काय चाललंय ते सांगतं, तेच दाखवा. यांचं ऐकू नका."

तिची नजर जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसत आणि पडद्यावर घडेल ते शिंपी सांगे. कोण आलं, कुणी पाठ फिरवली, कुणाच्या कोटाचा खांदा उतरलाय. सांगताना तो काटछाट करी. बुडालेला माणूस त्याच्या तोंडून किनाऱ्याला लागे, सोडून गेलेली बायको फाटकाशी घुटमळे. पहिल्या वर्षी तिला रडताना बघवत नव्हतं म्हणून केलं, पुढे सोडवेना.

गुरुवारी त्याच्या घशाचं ऑपरेशन होतं. छोटी गाठ आहे, दहा दिवस बोलायचं नाही, मग आवाज होता तसा, असं त्यानं तिला सांगितलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आवाज जाईल, परत येणार नाही. दहा दिवसांसाठी यंत्र कशाला, असं त्यानं काल विचारून पाहिलं. "दहा दिवस काय भिंतीकडे तोंड करून बसू?" एवढंच ती म्हणाली.

बाईनं यंत्र भिंतीवरच्या टीव्हीला जोडलं, वर्णन चालू केलं आणि पुढ्यात आला तो सिनेमा लावला. शिंप्यानं पहिल्या चित्रालाच ओळखला. दीपगृहावरचा म्हातारा. दोनदा बघितलेला.

"दुसरा लावा," तो म्हणाला.

"शेवटच आहे, काका. दोन मिनिटं."

तो काउंटरची कड धरून उभा राहिला. तळवा काचेवर ओला उमटला.

'म्हातारा पायरीवर बसतो,' यंत्र म्हणालं. 'कंदील हातातून सुटतो. मुलगी त्याला हलवते. तो हलत नाही.'

त्याच्या सांगण्यात म्हाताऱ्याला डुलकी लागली होती. मुलीनं अंगावर शाल घातली होती.

बायको मान एका बाजूला कलवून ऐकत होती. "मेला ना तो?"

"हो, काकू."

"वाटलंच. डुलकी लागलेल्या माणसासाठी एवढं रडकं व्हायोलिन कोण वाजवतं?"

बाई हसली. शिंपी हसला नाही. "मी तेव्हा..." तो म्हणाला.

"राहू द्या. माणूस जगवायला लागलात की तुमचा आवाज एक पट्टी वर चढतो. अकरा वर्षं ऐकतेय." तिनं पर्सचा बंद उगीच नीट केला. "त्या दिवशी डॉक्टरांकडून बाहेर आलात, तेव्हाही चढला होता."

बाईनं स्टूल पुढे सरकवलं. तो बसला नाही.

"बाई," बायकोचा आवाज अगदी व्यवहाराचा होता, "यांनी फोनवर लिहिलेलं हे यंत्र मोठ्यानं म्हणून दाखवतं का? रोज लागेल. दहा दिवसांचं काम नाही."

बाईनं एकदा शिंप्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "सिनेमा शोधायची चौकट असते ना, तिच्यात लिहिलेलं म्हणतं. काहीही लिहा."

तिनं यंत्राला जोडलेला आपला फोन त्याच्या हातात दिला. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवणारी बोटं अक्षरं चुकत होती, खोडत होती. बराच वेळ लागला. मग दुकानभर यंत्रातल्या बाईचा सपाट, स्वच्छ आवाज घुमला.

'मला फार भीती वाटते.'

फ्रिज बघत उभं असलेलं जोडपं वळलं. बायकोनं हात पुढे करून चाचपलं. तिला त्याची बाही सापडली, मग मनगट. ते तिनं धरून ठेवलं.

"पॅक करू का, काकू?" बाईनं विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "अजून लिहितायत ते."