लाडकीची साक्ष

लाडकीला एक खोड होती. कुठलीही गोष्ट का झाली हे कळेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. आमटी खारट झाली की पंचनामा, कोंबडी अंडं देईना तर कोंबडीची उलटतपासणी. नवरा काशीनाथ म्हणायचा, "पोलिसात जायची बाई, चुकून रानशेतात दिली."

आणि अशा बाईला तलासरीच्या चर्चमध्ये धनेश पास्टरांनी सांगितलं, "लाडकीताई, यंदा कापणीच्या सणाला साक्ष तुम्ही द्या. साधंच बोलायचं. चर्चला का येता, तेवढंच."

साक्ष म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून देवाच्या साक्षीने खरं बोलायचं. लाडकी हो म्हणून बसली आणि परतीच्या जीपमध्ये तिच्या डोक्यात किडा शिरला. खरंच की, का जाते मी?

शेजारची निलम बाकावर जोडीला असते, कानात पाड्यावरच्या बातम्या सांगते, म्हणून? की आपण गाणं उचललं की पुढचे लोक वळून बघतात, म्हणून? की उपासनेनंतर आयता डाळभात मिळतो, म्हणून? तिने ठरवलं, तांदूळ निवडतात तसा एकेक खडा बाजूला काढून बघायचं.

पहिल्या रविवारी ती निलमला सोडून पार मागे, खांबाशी जाऊन बसली. निलम फुगली ती फुगलीच, पण लाडकीचं काही अडलं नाही. दुसऱ्या रविवारी न जेवता निघाली आणि घरी येऊन शिळी भाकर खाल्ली. तरी पुढच्या रविवारची ओढ होतीच. लाडकी मनातून सुखावली. आपली भक्ती शंभर नंबरी निघते की काय!

तिसऱ्या रविवारी तोंड बंद. गाणी गेली, घसा नुसता खाजत राहिला. मग सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. लाडकीची जीभ आतल्या आत वळवळत होती. फक्त एका ठिकाणी ती गप्प पडून राहिली. ज्यांनी आपलं वाईट केलं त्यांना आपण माफ केलं, असं म्हणायची ती जागा. ती ओळ आज मुद्दाम गाळावी लागलीच नाही, कारण तिथे ती दर रविवारी खोकायची, नाहीतर पदर सारखा करायची.

हात्तिच्या, म्हणजे आपण हे कधी म्हटलंच नाही!

आता चोर कुठे लपलाय हे शोधायला फार लांब जायची गरज नव्हती. हिरकणी. लाडकीची मोठी जाऊ, विधवा, शेताला शेत लागून. काशीनाथ ताडावरून पडून कासा गावच्या दवाखान्यात होता तेव्हा अख्खा पाडा येऊन गेला, ही बया तेवढी फिरकली नाही. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. पाड्यावर भात कापतात ते सावडीने, आज तुझ्या शेतात तर उद्या माझ्या. हिरकणी आठवडाभर डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात, म्हणून तिची कापणी रविवारी. आणि लाडकी, जी आधी मनाला येईल तेव्हा चर्चला जायची, तिचा त्या वर्षापासून एक रविवार चुकला नव्हता. "माझं चर्च असतं," असं म्हटलं की हिरकणीच्या कापणीला का येत नाहीस, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

लाडकीला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला. देवाला तिने चक्क कुंपण करून ठेवलं होतं. आता हे सगळ्यांसमोर सांगायचं? की मुलीचा ताप उतरला वगैरे गोड काहीतरी ठोकून द्यायचं?

सणाच्या रविवारी जीप भोपळे, काकड्या आणि बायकांनी भरली होती. लाडकीच्या मांडीवर नव्या भाताची पेंढी होती. हिरकणीच्या शेतापाशी तिने मान दुसरीकडे वळवली, आणि आपण ती वळवली हे तिच्या लक्षात आलं. तिने जीपच्या टपावर थाप मारली.

"पेंढी तू ने," ती निलमला म्हणाली. "पास्टरांना सांग, साक्ष पुढच्या वर्षी."

शेतात हिरकणी आणि पाड्यावरचा म्हातारा चिमण, दोघंच वाकलेली. निम्मं भात उभं होतं. हिरकणीने कंबर सरळ केली.

"पास्टरनं पाठवलं वाटतं? मला बाटवायला?"

"नाय. त्याला ठाऊकपण नाय."

"मग माफी मागायला आलीस?"

"नाय."

"मग काय माफ करायला?"

लाडकीने खरोखर विचार केला. "तेपण नाय जमलं अजून. राग आहे तसाच आहे."

"मग आलीस कशाला?"

पुन्हा तोच प्रश्न. पण या वेळी लाडकीला खडे निवडावे लागले नाहीत. "तुझं भात उभं आहे म्हणून."

 हिरकणी जास्तीचा विळा पुढे करून म्हणाली, "कडेची पात धर. तिकडं काटे आहेत."

दोघी कापत राहिल्या. बांध जवळ आला तेव्हा हिरकणी मान वर न करता बोलली, "कासाला आले होते मी. दारापर्यंत. माझ्या धाकल्याच्या बापाचा जीव त्याच खोलीत गेला ना. पाय आत पडेना."

लाडकीचा हात थांबला. कोंबडीचीही चौकशी करणारी ती, पण इतक्या वर्षांत हे एक तिने विचारलं नव्हतं.

"विचारायचं होतंस, लाडके," हिरकणी म्हणाली, आणि पुढची मूठ कापायला वाकली.