गोट्याचं तेल

जत्रेच्या दिवशी सकाळी नागव्वानं वाटीतलं सगळं तेल देवळासमोरच्या काळ्या गोट्यावर ओतलं आणि तळव्यानं चोळायला घेतलं. घरात फोडणीपुरतंही उरलं नव्हतं. नसू दे!

जत्रेत हा गोटा जो खांद्यावर घेई, त्याच्या घरचा नारळ देवापुढं पहिला फुटे. पुढं वर्षभर गोट्याला तेल लावायचं ते त्याच घरच्या बाईनं. बरीच वर्षं हा मान नागव्वाच्या नवऱ्याचा, संगप्पाचा. पण त्र्याहत्तरच्या दुष्काळी कामावर बांध घालताना त्याची कंबर गेली आणि तो घरी पडून राहिला. मग काय, चनमल्लप्पा पाटील पोराला, शिवप्पाला, घेऊन नारळासकट हजर! पाटीलच तो, त्याला विचारणार कोण?

"उचलनारा कुनी न्हाय. यंदा नारळ आमचा," पाटील म्हणाला.

"न उचलता?" नागव्वा उठली. "शिवप्पा, लाव की हात."

शिवप्पानं बाह्या सारल्या, श्वास रोखला. गोटा जागच्या जागी डुलला, तेवढंच. बायका पदराआड हसल्या.

पाटील भडकला. "लई बोलतीस. तुज्या घरात हाय का कुनी उचलनारं?"

नागव्वानं पदर खोचला.

"ए! बाईनं गोट्याला हात लावायचा न्हाय," पाटील ओरडला.

"मग आजवर तेल कुनाच्या हातानं लागलं, अण्णा?"

नागव्वानं वर्षभर रस्त्याच्या कामावर दगडाच्या पाट्या वाहिल्या होत्या. ती वाकली. गोटा निसटला. हातांना माती फासून तिनं पुन्हा धरला. गुडघ्यापर्यंत आला, मांडीवर टेकला, तिथून मात्र वर सरकेना. तिनं तो सावकाश खाली ठेवला.

"खांद्यावर न्हाय आला," ती धापा टाकत म्हणाली. "माजा नारळ न्हाय. पन तुमचाबी न्हाय."

पाटलानं नारळ पुढं केला. पुजारी मडिवाळप्पानं हात मागं घेतला.

दिवेलागणीला नागव्वाच्या दारात शांतम्मा आली. पाटलाची बायको, शिवप्पाची आई. पदराखाली तेलाची वाटी.

"यंदा मान कुनाचाच न्हाय, शांतक्का," नागव्वा म्हणाली. "गोट्याला मी कशी लावू?"

"गोट्याला कोन लावतंय?"

शांतम्मा उंबऱ्यात बसली. नागव्वाचा सुजलेला हात तिनं मांडीवर ओढून घेतला आणि खांद्यापासून तेल चोळायला लागली.

"पुढची जत्रा लांब हाय की अजून," ती म्हणाली.